मी इथला आहे, मला कोण अडवणार?

नाही, पण माणसानं एक वाक्य बोलायला काय हरकत होती? एकच! फार मागत नाहीये मी. "फाउस्तिनो, मुला, असं असं आहे," एवढं म्हणाला असता ना, तर आज माझे पाय या बादलीत मिठाच्या पाण्यात पडले नसते. बघा, बघा जरा ही टाच! ही टाच राहिलीय का? भाजलेलं वांगं झालंय! बसा ना, उभे का? त्या खुर्चीवरचे मोजे खाली टाका आणि बसा. आणि हसायचं असेल तर हळू हसा, या घराच्या भिंती पातळ आहेत.

तर तुम्हाला सांगतो, चूक माझी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण कासिल्दाकडून तुम्ही भलतंच काहीतरी ऐकाल. कासिल्दा म्हणजे... आमचं जमलंय हो, आता लपवायचं काय! ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आणि मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला, दुसऱ्यांदा. ती बुर्गोसची. बुर्गोस म्हणजे पार वर, उत्तरेला, जिथे माणसं तोंड उघडत नाहीत, गार वारा आत जाईल म्हणून. आणि तिचे वडील, डॉन ओनोरियो, हे त्या न बोलणाऱ्यांमधले न बोलणारे! जन्मभर जंगलात वनरक्षक. झाडांशी कोण बोलतं? आता निवृत्त झालेत, बायको दोन वर्षांपूर्वी गेली, घरात एकटे. आणि कासिल्दाला नोकरी लागतेय दोन ठिकाणी, एक इथे ग्रानादात आणि एक तिकडे बुर्गोसला. म्हणजे माझा जीव कसा टांगणीला लागला असेल सांगा!

ती म्हणाली, "फाउस्तिनो, मला इथे राहायचंय. पण बाबांचा चेहरा आठवला की वाटतं, पहिल्या बसनं निघावं. ते येतायत शनिवारी, एक दिवसासाठी. माझी वॉर्डात ड्यूटी आहे, तेव्हा तूच त्यांना गाव दाखव. त्यांचा जीव शांत झाला, मी चांगल्या माणसांत आहे असं त्यांना वाटलं, तर मी राहीन. नाहीतर... मला नाही जमणार रे." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आणि मग म्हणाली, "बाकी काही दाखव, नको दाखवू, त्यांना एकच गोष्ट बघायचीय. अल्हाम्ब्रा. टेकडीवरचा तो राजवाडा आईला बघायचा होता जन्मभर. लग्नानंतर येणार होते, मग मुलं झाली, मग हे, मग ते... राहूनच गेलं. तिकिटांचं बघशील ना?"

आणि मी काय म्हणालो? जे या गावात जन्मलेला कुठलाही माणूस म्हणेल तेच म्हणालो. मी म्हणालो, "अगं, मी इथला आहे! मला कोण अडवणार?"

आता असे बघू नका माझ्याकडे! तुम्ही सगळे इथलेच ना? मग सांगा, किती जण गेलात आत? हात वर करा. शाळेच्या सहलीला गेलेलं धरायचं नाही, मास्तरांनी ओढत नेलेलं बघणं नव्हे. हं... बघा! एक हात वर नाही! अहो रोज दिसते ना ती! कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलं की समोर, दात घासत खिडकीत उभं राहिलं की समोर! जे आपल्या खिडकीतून दिसतं त्याचं तिकीट काढतं का कोणी? मला तर त्या सहलीच्या वेळी गोवर आला होता. म्हणजे मी आतून पाहिलीच नाही, कधीच. पण हे काय सासऱ्याला सांगायचं असतं?

शुक्रवारी रात्री म्हटलं, चला, दोन तिकिटं काढून ठेवू. बघतो तर... संपलेली! उद्याची संपलेली, परवाची संपलेली, पुढच्या आठवड्याची संपलेली, सरळ तीन आठवड्यांनंतरची मिळतील म्हणे! तीन आठवडे! कुठल्याकुठल्या देशांतली माणसं सहा सहा महिने आधी तिकिटं काढून बसलीयत आणि मी, ज्याचा पणजोबा त्या टेकडीखाली मडकी विकत बसायचा, मी रांगेत थांबायचं? मी इथला आहे की नाही?

मग मी माझ्या चुलतभावाला, एलोयला फोन लावला. ग्रानादात प्रत्येकाचा एक माणूस असतो. कोणाचा नगरपालिकेत, कोणाचा दवाखान्यात. एलोयचा वर अल्हाम्ब्राच्या गेटवर. निदान गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात एलोय हेच सांगतोय. म्हटलं, "एलोय, तुझा तो माणूस आहे ना रे वर?" "आहे म्हणजे? गेटवरच असतो! दोघंच ना? उद्या सकाळी बोलतो, दुपारपर्यंत काम झालं समज. अरे, आपण इथले आहोत!" मला सांगा, यानंतर मी निर्धास्त झोपलो, यात माझं काय चुकलं? फक्त दुपारपर्यंत म्हाताऱ्याला फिरवत ठेवायचं, एवढंच होतं काम.

सकाळी बसस्टँडवर गेलो. नवे पांढरे बूट घालून! पातळ तळव्यांचे! छाप पाडायला! बसमधून उतरतात कोण... ही उंची, हे खांदे, पायांत जाड तळव्यांचे डोंगरातले बूट, आणि अंगात हिरवा कोट. मे महिन्यात! बटणं लावलेला! हात पुढे केला, मी दिला, तो परत मिळाला तेव्हा बोटं एकमेकांना चिकटलेली होती. म्हटलं, "डॉन ओनोरियो, बस घेऊ या, इथूनच सुटते." ते म्हणाले, "लांब आहे?" आता आपली जीभ! आपल्याला कोणी काहीही विचारलं, समुद्र किती लांब आहे विचारलं, तरी तोंडातून काय येतं? आलंच माझ्याही. "छे हो, लांब कसलं? इथेच तर आहे!" "मग चालू," म्हणाले. आणि चालले!

चालले म्हणजे काय सांगू तुम्हाला... जन्मभर लाकूडचोरांच्या मागे चाललेला माणूस तो! धावत नाहीत हं, अजिबात नाही, सावकाश पाय टाकतात, पण एकेक टांग अशी पडते की मी मागून दुडूदुडू! आणि दुडूदुडू धावता धावता मी बोलतोय, कारण गप्प कसं राहायचं? ते गप्प, मीही गप्प, म्हणजे अंत्ययात्रा झाली ती! तर मी बोलतोय, हा चौक, तो पुतळा, इथे माझी मावशी पडली होती, इथे पूर्वी चांगले चुरोस मिळायचे, आता तेलकट झालेत... आणि ते? "हं." बस्स. मी तुम्हाला सांगतो, त्या "हं"चे अर्थ लावता लावता माझं डोकं फुटायची वेळ आली. तो पटलेला हं होता, न पटलेला हं होता, की हा पोरगा माझ्या मुलीच्या लायकीचा नाही असा हं होता?

कॅथेड्रलपाशी आलो. म्हटलं, इथे तरी थक्क होतील. तर आत लग्न! दार बंद! बाहेर वऱ्हाडी तांदूळ घेऊन उभे, नवरानवरी बाहेर आली आणि निम्मा तांदूळ डॉन ओनोरियोंच्या कोटावर! त्यांनी शांतपणे खांदे झटकले, मान वर करून कॅथेड्रल पाहिलं, खालून वर, वरून खाली, आणि म्हणाले, "आमच्याकडे आहे."

आमच्याकडे आहे! अरे, आहे तर आहे! म्हणून काय आमचं खोटं का? पण गिळला राग. पुढे गेलो, दारो नदीच्या काठचा रस्ता, जिथे लोक चित्रं काढत बसतात, उसासे टाकतात. ते कठड्यावरून वाकले. "हे काय?" मी म्हटलं, "नदी." बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे नदीत पाणी असतं."

सांगा! सांगा, यावर काय बोलायचं माणसानं? दुसरा कोणी असता तर मी त्याला त्या नदीत ढकलून दाखवलं असतं पाणी आहे की नाही ते! पण समोर कासिल्दाचा चेहरा येतो. त्याच कठड्यापाशी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला, असा, छातीवर, आणि म्हणाले, "मुला, ते अल्हाम्ब्राचं..." मी एका दमात म्हणालो, "डॉन ओनोरियो, अल्हाम्ब्राची तुम्ही काळजीच करू नका! सगळं ठरलंय! मी इथला आहे!" "पण वेळ..." "वेळ माझ्यावर सोडा! तिथे केव्हा जायचं ते इथल्या माणसालाच कळतं! गर्दी कधी, ऊन कुठून, सगळं बघून नेतो तुम्हाला!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हं."

आणि मी कोपऱ्यावर जाऊन एलोयला फोन. "काय झालं रे?" "अरे, तो कॉफीला गेलाय." "अजून?" "शनिवार आहे ना! येईल. तू फिरव तोवर."

फिरव! कुठे फिरवू? म्हटलं, अल्बाइसिन! चढ आहे, बोळ आहेत, दमतील, बसतील कुठेतरी. चढलो. आता अल्बाइसिनचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, ते गोटे, नदीतले गोल गोल गोटे उभे करून ठोकलेत जमिनीत, कोणत्या दुष्टाला ही बुद्धी झाली देव जाणे! माझ्या त्या पातळ तळव्यांतून प्रत्येक गोटा मला वेगळा कळत होता. डॉन ओनोरियो आपले जिना चढावा तसे चढतायत, श्वासही वाढत नाही. आणि मी... हरवलो. हो, हरवलो! मी राहतो खाली, सपाटीवर, सैदिनमध्ये, मी कशाला मरायला जातो या बोळांत? एका बाल्कनीत एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती. निम्मं कुंडीत, निम्मं खालच्या माणसांवर. म्हणाली, "रस्ता चुकलास काय रे पोरा?" मी म्हणालो, "छे! मी इथला आहे!" "मग बरंय," म्हणाली.

डावीकडे वळलो, पायऱ्या चढलो, एक पिंप, एक मांजर, एक भिंत, उजवीकडे वळलो... तीच बाल्कनी. तीच बाई. आता ती जेरेनियमची वाळकी पानं तोडत होती. "आलास?" म्हणाली. मी म्हणालो, "यांना दुसऱ्या बाजूनं दाखवायचं होतं." परत गेलो, यावेळी खाली उतरलो, मुद्दाम खाली! खाली उतरणारा माणूस खाली पोचायला नको? तीच बाल्कनी! बाई खुर्ची टाकून बसली होती हो, आमची वाट बघत! आत ओरडली, "अगं, ये बाहेर, पुन्हा इथलेच आले!"

तुम्हाला सांगतो, या गावातली माणसं! स्वतःला जर्मन येत नसलं तरी परक्याला जर्मनमध्ये रस्ता सांगतील, आणि आपल्या माणसाची अशी अब्रू काढतील! शेवटी मी चिडून म्हणालो, "बाई, प्लासा लार्गाचा चौक कुठे आहे?" "तू इथला ना?" "हो!" "मग मला कशाला विचारतोस?" आणि आत गेली! दार लावून! मी घामाघूम, मागे वळून बघतो तर डॉन ओनोरियो सूर्याकडे बघतायत. मग त्यांनी बोट केलं. "तिकडे." आणि तिकडेच होता. आता वनरक्षकाला सूर्यावरून दिशा कळतात, तर आधी सांगायचं ना! तीन प्रदक्षिणा झाल्यावर कसलं बोट दाखवता?

आणि मला एक दिसत होतं, ते मधूनमधून घड्याळ बघत होते, आणि पुन्हा तो हात, छातीवर. माझ्या मनात आलं, यांना हृदयाचा त्रास तर नाही? साठीचा माणूस, हा चढ, अंगात तो कोट! उद्या कासिल्दाला काय सांगू, तुझ्या बाबांना गोट्यांवर मारलं म्हणून? म्हटलं, "डॉन ओनोरियो, बसू या. खाऊ या. चला, सेराफिनकडे."

सेराफिनचा बार तुम्हाला माहीत आहे. जगात त्याच्याइतका तिरसट माणूस नाही, पण हात चांगला आहे. दोन छोट्या बिअर मागवल्या. बिअर आली, आणि तिच्याबरोबर, आपल्याकडे येते तशी, बशी. तळलेली वांगी, वर उसाची काकवी. डॉन ओनोरियोंनी बशी दोन बोटांनी परत ढकलली. "हे मी मागवलेलं नाही." सेराफिन फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "म्हणून तर दिलं. मागवलं असतंत तर दिलं नसतं." "पण याचे पैसे..." "पैसे घ्यायचे असते तर एवढी वांगी घातली असती का?" मी मध्ये पडलो, म्हटलं, "आमच्याकडे अशी पद्धत आहे, पेयाबरोबर काहीतरी फुकट येतं." डॉन ओनोरियो गंभीर झाले. एवढे गंभीर ते कॅथेड्रलपाशीही नव्हते. वांगी खाल्ली, सगळी. ग्लास संपवला. उठायला लागले आणि थांबले. हळूच मला म्हणाले, "त्याचं खाल्लं आणि असंच उठायचं? बरं नाही दिसत." आणि म्हणाले, "अजून दोन."

आता बघा, बुर्गोसच्या माणसाचं इमान आणि ग्रानादाची पद्धत यांची गाठ पडली की काय होतं ते! अजून दोन बिअर आल्या, बरोबर काय आलं? हॅम घातलेल्या पावट्याच्या शेंगांची भाजी! फुकट! ती खाल्ली. मग उठायचं कसं? त्याचं खाल्लंय! "अजून दोन." तळलेले मासे! "अजून दोन." भात! आणि सेराफिन, त्याला वाटतंय गिऱ्हाईक काय रंगलंय, त्याला मानपानाचं काय माहीत, तो बशी मोठी मोठी करत चाललाय! दोन भले गृहस्थ एकमेकांच्या उपकाराखाली दबून चाललेत आणि मी मध्ये खुशीत! कारण वेळ जातोय ना! मला वेळच घालवायचा होता! डॉन ओनोरियो एकदा घड्याळ बघून म्हणाले, "मुला, आता निघायला नको का? ते अल्हाम्ब्रा..." मी म्हटलं, "बसा हो निवांत! या वेळी आमच्याकडे कुत्रंसुद्धा रस्त्यावर येत नाही, आता गेलात तर दारं बंद! मी इथला आहे, मला विचारा!" आणि त्यांचं मन रमवायला मी आतलं वर्णन सुरू केलं. तो सिंहांचा चौक! काय ते दगडी सिंह, डॉन ओनोरियो! आयाळ अशी वाऱ्यावर उडतेय, जबडा उघडा, डरकाळी फोडतायत, लहान मुलं रडतात बघून! ते माझ्याकडे बघत राहिले. "हं," म्हणाले. पण तो हं जरा लांब होता. मला वाटलं, भारावले!

आणि एलोयचा फोन आला. मी बाहेर पळालो. "बोल!" "अरे, तो माणूस आहे ना..." "हो!" "तो निवृत्त झाला." "कधी? आज?" "नाही रे, दोन वर्षं झाली म्हणे. मोत्रिलला असतो, मासे पकडतो. मासे हवेत का?"

मासे हवेत का! तुम्हाला सांगतो, मी त्या भिंतीला टेकून उभा राहिलो. आता विनोद नाही करत. मला भीती वाटली. खरीच. डोळ्यांपुढे दिसायला लागलं, कासिल्दा बसमध्ये चढतेय, खिडकीतून हात हलवतेय, आणि मी खाली उभा, नव्या बुटांत. एक माणूस बायकोची राहिलेली इच्छा घेऊन अख्खा देश ओलांडून येतो, आणि मी त्याला काय दाखवलं? एक बंद दार, एक कोरडी नदी आणि एक बाल्कनी!

आत गेलो तर गोगलगायींची बशी आली होती.

बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. म्हणालो, "चला, सान निकोलासच्या चौकात जाऊ." म्हणजे पुन्हा वर! पुन्हा गोटे! माझी टाच फुटलेली, मोजा ओला, कशानं ते मी पाहिलं नाही. पण निदान तिथून ती समोर दिसते, अख्खी. म्हटलं, बाहेरून तरी. ती बाई बाल्कनीत होतीच. यावेळी काही बोलली नाही, माझा चेहरा बघून तिनं फक्त पाण्याचा डबा बाजूला घेतला. म्हणजे बघा काय अवस्था असेल!

कठड्यावर बसलो. समोर अल्हाम्ब्रा, मावळतीच्या उन्हात लाल झालेली, मागे डोंगरावर बर्फ. मी म्हणालो, "डॉन ओनोरियो... तिकिटं नाहीत." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मी काढलीच नाहीत. मला वाटलं, मी इथला आहे, मला कोण अडवणार? मी आत कधी गेलोही नाहीये. मला गोवर आला होता." मग त्यांनी पुन्हा छातीवर हात नेला, मी घाबरून उठलो, म्हटलं पाणी आणू? डॉक्टर? तर त्यांनी कोटाची बटणं काढली, दिवसभरात पहिल्यांदा, आणि आतल्या खिशातून घडी केलेले दोन कागद काढून माझ्या मांडीवर ठेवले.

तिकिटं! दोन! अल्हाम्ब्राची! आजची! दुपारी साडेचारची! साडेचारला आम्ही कुठे होतो? पावट्याच्या शेंगा आणि तळलेल्या माशांच्या मध्ये कुठेतरी!

तुम्हाला सांगतो, मी असा ओरडलो की चौकातले सगळे वळून बघायला लागले. "तुमच्याकडे तिकिटं होती? सकाळपासून? खिशात? आणि तुम्ही बोलला नाहीत?" ते म्हणाले, "दोनदा सुरुवात केली. तू म्हणालास, सगळं ठरलंय. इथला माणूस म्हणतो ठरलंय, तर बाहेरच्यानं मध्ये बोलू नये." "अहो पण साडेचार लिहिलंय यावर!" "तू म्हणालास, दारं बंद असतात." "आणि तुम्ही ऐकलंत?" "कासिल्दा म्हणाली होती, तू आत कधी गेला नाहीस. मग मला वाटलं, एवढं ठासून बोलतोयस, म्हणजे तुला काहीतरी माहीत असणार." म्हणजे दिवसभर माहीत होतं यांना! सिंहांच्या आयाळी उडत होत्या तेव्हाही माहीत होतं! आणि "हं"!

मग मी तो कागद नीट पाहिला. एकावर ओनोरियो असं लिहिलेलं, आणि दुसऱ्यावर... फाउस्तिनो मेहियास. माझं नाव. आडनावासकट. मी म्हटलं, "ही केव्हा काढलीत?" "दोन महिने झाले." दोन महिने! तेव्हा या माणसानं मला पाहिलंसुद्धा नव्हतं! नुसतं मुलीच्या तोंडून नाव ऐकलेलं, आणि बायकोच्या जागेचं तिकीट... माझ्या नावावर काढून ठेवलं. मी काही बोललोच नाही. हो, मी! पहिल्यांदाच! बराच वेळ.

आणि मी गप्प बसल्याबरोबर, बघा कसा योग असतो, तो माणूस बोलायला लागला. समोर बघत म्हणाला, "माझी निएवेस असती ना, तर आत जाऊन सगळं बघून आली असती आणि म्हणाली असती, ओनोरियो, बाहेरूनच बरी दिसत होती. तिला कुठेही नेलं की ती हेच म्हणायची." आणि हसला. हसता हसता बाहीनं डोळे पुसले. मग बुर्गोस, मग जंगल, मग निएवेसनं एकदा त्याच्या बुटात कांदे लपवले होते ते... कासिल्दा ड्यूटी संपवून आली तरी तो बोलतच होता! ती मुलगी आपल्या बापाकडे असं तोंड उघडं टाकून बघत राहिली, आणि मग रडायला लागली, आणि मग माझ्या गळ्यात पडली, म्हणाली, "फाउस्तिनो, आई गेल्यापासून बाबा एवढे बोलले नव्हते रे! तू काय केलंस?" मी म्हणालो, "काही नाही." आणि देवाशपथ, हे अगदी खरं होतं!

तर कासिल्दा राहतेय. हो, हो, राहतेय! बुर्गोसची नोकरी नको म्हणून कळवलं तिनं. अभिनंदन कसलं करताय, थांबा जरा! ती म्हणाली, "बाबा, अल्हाम्ब्रा राहिली ना तुमची." मी भीत भीत म्हणालो, "आता तीन आठवड्यांनंतरची तिकिटं आहेत." डॉन ओनोरियोंनी विचार केला. "हं," म्हणाले. "मग थांबतो."

थांबतो! कुठे थांबतो? विचारा ना, कुठे थांबतो! आत, माझ्या पलंगावर! दुपारची झोप काढतायत! मी या सोफ्यावर, पाय बादलीत! रोज सकाळी उजाडायच्या आत उठतात, कोट घालतात, बटणं लावतात आणि माझ्या उशाशी येऊन उभे! "चल, मुला. गाव दाखव." म्हटलं, डॉन ओनोरियो, दाखवलं की सगळं! तर म्हणतात, "ती बाई विचारत होती तुला." बाल्कनीतली! तिच्याशी ओळख झालीय! आणि मग सेराफिनकडे, तिथे त्याचं खाल्लं म्हणून हे पितात आणि हे प्यायले म्हणून तो वाढतो, आणि दोघं मिळून काल ठरवत होते, खालच्या गल्लीत एक खोली भाड्यानं आहे म्हणे, हिवाळाही इथे बरा असतो म्हणे...

ऐकलंत? उठले. बघा, बूट वाजले. "फाउस्तिनो! ऊन उतरलं! चल!" आलो, डॉन ओनोरियो, आलोच! ... तो टॉवेल द्या जरा. काय म्हणालात? पळून जाऊ? अहो, बुर्गोसचा माणूस कधीतरी कंटाळून बुर्गोसला परत जाईल, अशी आशा तरी धरता येते. मी कुठे जाणार? मी पडलो इथला!